संगणकाचा इतिहास: आमच्या किनाऱ्यावरच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या एका बंदरगावात मी २००२ पासून कॉम्प्युटरचा वर्ग चालवते. सुरुवातीला तीन जुनी मशीन होती, वर कौलं, आणि विजेचा भरवसा नाही. वर्गात मुलं येतात, त्यांना सोडायला आया येतात, संध्याकाळी जेटीवरून घरी जाताना एखादे तांडेल आजोबा खिडकीशी थांबतात. प्रश्न सगळेच विचारतात. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते उत्तरांसकट इथे लिहून काढले आहेत.

कॉम्प्युटरचा शोध कोणी लावला? पेपरात चार्ल्स बॅबेज लिहायचं ना?

पेपरात बॅबेजच लिहा, मार्क मिळतील. पण एका माणसाने एका दिवशी लावलेला हा शोध नाही. होडी कोणी शोधली असं विचारलं तर जसं एक नाव सांगता येत नाही, तसंच हे आहे. पास्कलने १६४२ मध्ये बेरजेचं यंत्र केलं, कारण त्याचे वडील करवसुलीच्या कामावर होते आणि आकडेमोडीने बेजार झाले होते. तेव्हा पास्कल एकोणीस वर्षांचा होता. लायब्निझने गुणाकार करणारं यंत्र बनवलं. बॅबेजने १८३७ च्या सुमारास असं यंत्र कागदावर मांडलं की ज्याला काम नेमून देता येईल. अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ मध्ये गणिताने दाखवून दिलं की एकच यंत्र, सूचना बदलल्या की, वेगवेगळी कामं करू शकतं. जर्मनीत कोनराड झुसेचं झेड-३ हे यंत्र १९४१ मध्ये चाललं. यातलं एकही नाव गाळलं तर गोष्ट अर्धवट राहते.

पूर्वी माणसालाच ‘कॉम्प्युटर’ म्हणायचे, हे खरं का?

खरं आहे. या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. कॉम्प्युटर हे हुद्द्याचं नाव होतं. दिवसभर बसून आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे राधानाथ सिकदार. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ते १८३१ मध्ये ‘कॉम्प्युटर’ म्हणून लागले आणि पुढे तिथले मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयातलं ‘शिखर क्रमांक १५’ जगात सर्वांत उंच आहे, हे १८५२ मध्ये त्यांच्या आकडेमोडीतून निघालं. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्या शिखराला आज एव्हरेस्ट म्हणतात. डोंगर चढणाऱ्यांची नावं पाठ करताना मुलांनी हेही नाव लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

कोकणाजवळचं नाव हवं असेल तर केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचे. ग्रहांची स्थिती काढण्यासाठी लागणारी कोष्टकं त्यांनी मराठीत तयार केली. कोष्टक म्हणजे काय? कोणीतरी एकदा खपून केलेली आकडेमोड, म्हणजे पुढच्या शंभर माणसांना ती पुन्हा करावी लागत नाही. संगणक नावाचं यंत्र जन्माला आलं ते या कोष्टकांच्या कंटाळ्यातून आणि त्यांतल्या चुकांतून.

“बाई, तुमच्या ह्या यंत्राक तिथी समाजता काय?”

खिडकीतून हा प्रश्न टाकणारे आजोबा चाळीस वर्षं समुद्रावर होते. त्यांना भरतीची वेळ कोणी सांगावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झालं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. दिवसाची काय, रात्रीची काय, हिशेब तोच. चंद्र रोज पाऊण तासाच्या वर थोडा उशिरा येतो आणि समुद्राचं पाणी त्याच्या मागे मागे चालतं, म्हणून हा हिशेब लागू पडतो.

आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. त्यामुळे त्यांना गुणाकारही करावा लागत नव्हता, उत्तर तोंडावर तयार असायचं. मी मुलांना सांगते, आजोबांच्या डोक्यात पाऊणकीचं कोष्टक साठवलेलं आहे, ही झाली मेमरी. ‘तिथी घे, पाऊणकीत बघ, वेळ सांग’ हा झाला प्रोग्राम. तिथी आत जाते, वेळ बाहेर येते. वर्गात पहिला प्रोग्राम आम्ही हाच लिहितो. चार ओळींचा असतो.

हे ऐकल्यावर आजोबा म्हणाले, “आणि उधाणाचा कायता?” अगदी बरोबर बोट ठेवलं त्यांनी. पाऊणकी वेळ सांगते, पाण्याची उंची सांगत नाही. अमावास्या-पुनवेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, एवढं ठोकळमानाने कळतं. पण कुठल्या पुनवेचं उधाण मोठं, मुंबईला पाणी किती चढेल आणि मालवणला किती, हे त्यातून निघत नाही. आणि याच प्रश्नासाठी लोकांनी एक यंत्र बांधलं. त्याची गोष्ट पुढे.

भरतीचं भाकीत करणारं यंत्र खरंच होतं का?

होतं. लॉर्ड केल्विन यांनी १८७२–७३ मध्ये बांधलं. त्यात वीज नव्हती, होती फक्त चाकं आणि कप्प्या. कल्पना अशी: भरती-ओहोटी ही एक लाट नसून अनेक लाटांची बेरीज आहे. एक चंद्रामुळे, एक सूर्यामुळे, एक चंद्र कधी जवळ कधी लांब असतो त्यामुळे, अशा बऱ्याच. यंत्रात प्रत्येक लाटेसाठी एक कप्पी ठेवली. ती आपापल्या वेगाने वर-खाली होते. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार ओढून घेतलेली. तारेचं एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला लेखणी. दांडा फिरवला की सगळ्या कप्प्या हलतात, तार त्यांची बेरीज करते आणि लेखणी कागदावर पाण्याची चढउतार काढत जाते. वर्षभराची भरती काही तासांत कागदावर येई. विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे यंत्र चित्राशिवायही समजतं, असा माझा अनुभव आहे.

केल्विन यांच्या पहिल्या यंत्रात अशा दहा लाटा होत्या. पुढे एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये वीस लाटांचं यंत्र लंडनमध्ये तयार झालं, आणि ते तयार झालं हिंदुस्थानच्या बंदरांसाठी. नंतर त्यात चोवीस लाटा झाल्या. त्याच सुमाराला, १८७८ पासून, मुंबईत अपोलो बंदरावर पाण्याच्या उंचीची सलग नोंद सुरू झाली होती. जगातल्या दीर्घकाळ चाललेल्या नोंदींमध्ये ती मोडते. म्हणजे मशीन तिकडे, आकडे इकडचे. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे आमच्याच पाण्यासाठी केल्यानी.”

अशा यंत्रांना अ‍ॅनालॉग संगणक म्हणतात. आकडे मोजण्याऐवजी ते तारेच्या लांबीतून उत्तर देतात. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी भरतीच्या वेळा आर्थर डूडसन यांनी अशाच यंत्रांवर काढल्या होत्या. आज भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो, ती डिजिटल, म्हणजे आकडे मोजणाऱ्या, संगणकावर होतात. तत्त्व मात्र तेच राहिलं आहे: लाटा सुट्या करा, मग त्यांची बेरीज करा.

बॅबेजचं यंत्र पूर्ण झालं का?

त्याच्या हयातीत नाही. बॅबेज वैतागला होता तो छापील कोष्टकांतल्या चुकांवर. जहाज कुठे आहे हे कप्तान कोष्टकावरून काढतो. कोष्टकात एक आकडा चुकला की जहाज खडकावर. म्हणून १८२२ मध्ये त्याने कोष्टकं आपोआप तयार करणारं ‘डिफरन्स इंजिन’ मांडलं. पैसे आणि कारागिरी दोन्ही कमी पडलं. त्याच्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा गणित करणारा भाग बांधला, तो बिनचूक चालला. आराखडा बरोबरच होता.

त्याचं मोठं स्वप्न होतं अ‍ॅनालिटिकल इंजिन. सूचना द्यायच्या भोकं पाडलेल्या कार्डांनी. ही युक्ती त्याने विणकरांकडून घेतली होती. १८०४ च्या जॅकार्ड मागावर नक्षी कशी उमटवायची हे अशी भोकाची कार्डं ठरवत. एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये या इंजिनावर टिपणं लिहिली आणि त्यात बर्नोली संख्या काढण्याची पद्धत पायरी-पायरीने दिली. तिला पहिली प्रोग्रामर म्हणतात ते त्यामुळे. हे यंत्र संख्यांपलीकडे, संगीतासारख्या गोष्टींवरही काम करू शकेल, असं तिने तेव्हाच ओळखलं होतं. आमच्या वर्गात मुली जास्त आहेत. एडाचा धडा मी दरवर्षी घाई न करता घेते.

कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ कळतात म्हणजे काय?

मराठीच्या पुस्तकातली वृत्तं आठवा. ‘यमाताराजभानसलगं’. लघु किंवा गुरू, तिसरं काही नाही. एका गणात तीन अक्षरं, प्रत्येक अक्षराला दोन पर्याय, म्हणून गण बरोबर आठ: दोन गुणिले दोन गुणिले दोन. लघूला ० आणि गुरूला १ म्हणा. ‘न’ गण झाला ०००, ‘म’ गण १११, ‘य’ गण ०११. तीनऐवजी आठ जागा घेतल्या की २५६ जुळण्या होतात. या आठ जागांच्या गटाला बाइट म्हणतात.

विजेच्या यंत्राला हे सोपं पडतं, कारण बटण चालू आहे की बंद एवढंच त्याला ओळखायचं असतं. दहा वेगवेगळे व्होल्टेज ओळखायला लावले तर गोंधळ होईल, आणि आमच्याकडचं व्होल्टेज तर तुम्हाला माहीतच आहे.

छंदशास्त्र लिहिणाऱ्या पिंगळाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लघु-गुरूंच्या सगळ्या जुळण्या पद्धतशीर मांडण्याची रीत दिली, हे खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. ‘पिंगळाने कॉम्प्युटर शोधला’ असे निरोप फोनवर फिरतात, ते मात्र मुलांनी वहीत उतरवू नयेत. त्याने जे केलं तेवढंच सांगितलं तरी ते थोर आहे.

पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर केवढा होता?

एनियॅक नावाचं मशीन अमेरिकेत १९४५ मध्ये पूर्ण झालं, फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांना दाखवलं गेलं. वजन सुमारे ३० टन. जवळजवळ १८,००० काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब. जुन्या रेडिओत तापून लाल व्हायच्या, तशाच. वीज लागायची सुमारे १५० किलोवॅट. सेकंदाला ५,००० बेरजा करायचं. (त्याआधी इंग्लंडमध्ये कोलोसस हे यंत्र शत्रूचे गुप्त संदेश फोडत होतं, पण ती गोष्ट अनेक वर्षं गुपित राहिली, म्हणून पुस्तकांत एनियॅकचं नाव पहिलं आलं.)

एनियॅकला काम नेमून द्यायचं तर शेकडो तारा एका जागेवरून काढून दुसरीकडे खोचायच्या आणि बटणं फिरवायची. हे काम सहा बायकांनी केलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्याआधी त्यांचा हुद्दा काय होता? ‘कॉम्प्युटर’. तोफेचा गोळा कुठे पडेल याची कोष्टकं त्या हाताने करत. यंत्राला माणसाचं नाव मिळालं ते असं.

तारा उपटायचं काम कधी थांबलं?

प्रोग्राम मेमरीतच साठवायचा, ही कल्पना आली तेव्हा. मँचेस्टरमध्ये ‘बेबी’ नावाच्या लहान यंत्रावर २१ जून १९४८ ला असा पहिला प्रोग्राम चालला. १७ सूचनांचा होता, उत्तराला ५२ मिनिटं लागली. आज तुम्ही फोनवर अ‍ॅप टाकता आणि काढता, ते या एका कल्पनेवर.

‘बग’ म्हणजे किडा, तो खरंच सापडला होता?

सप्टेंबर १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या बटणात, एक पतंग अडकलेला सापडला. ऑपरेटरनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून खाली टीप लिहिली. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्याआधीपासून होती, म्हणूनच त्यांना ती नोंद करावीशी वाटली. आमच्याकडे दर पावसाळ्यात कॅबिनेटमध्ये मुंग्या आणि एखादी पाल निघते. वेंटवर बारीक जाळी लावा.

खोलीभर मशीन खिशात मावलं कसं?

ट्यूब गेली, ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. शॉकली त्यांच्याच गटातले. तो ट्यूबसारखा तापत नाही, फुटत नाही, वीज कमी खातो. पण हजारो ट्रान्झिस्टर तारांनी जोडणं ही नवी कटकट झाली. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी आणि पुढच्या वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी सगळं जोडकाम एकाच तुकड्यावर करण्याचे मार्ग काढले. हीच चिप.

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप आणली. एका जपानी कंपनीला हिशेबाच्या यंत्रासाठी चिप हव्या होत्या, त्यातून ती जन्मली. तिच्यावर २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या चांगल्या फोनमधल्या चिपवर एक हजार कोटींहून अधिक असतात. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्येच म्हटलं होतं की ही संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल. दुपटीचा हिशेब मुलांना एकदा स्वतः करायला लावा. २,३०० पासून सुरू करून कितव्या दुपटीला हजार कोटी येतात? तेवीस-चोवीस पानांची गरज नाही, तेवीस ओळींत येतात.

कॉम्प्युटरच्या पाच पिढ्या पाठ करायच्या आहेत, थोडक्यात सांगा.

पहिली ट्यूबची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी इंटिग्रेटेड सर्किटची म्हणजे चिपची, चौथी मायक्रोप्रोसेसरची, म्हणजे ४००४ सारख्या एकाच चिपवरच्या मेंदूची. पाचवीत पुस्तकं कृत्रिम बुद्धिमत्ता लिहितात. पेपरापुरतं एवढं पुरे.

भारतात पहिला कॉम्प्युटर कधी आला?

डिजिटल म्हणाल तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, १९५५–५६ च्या सुमारास, इंग्लंडहून. पण मला सांगायची आहे ती मुंबईची गोष्ट. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर बांधला. १९५६ मध्ये लहान प्रायोगिक यंत्र चालू झालं, १९६० मध्ये पूर्ण यंत्र. त्याचं नाव टिफ्रॅक. त्यात २,७०० ट्यूब होत्या आणि मेमरी २,०४८ शब्दांची (इथे शब्द म्हणजे ० आणि १ चा एक ठरावीक लांबीचा गट). तोपर्यंत या लोकांपैकी फार थोड्यांनी असं मशीन डोळ्यांनी पाहिलं होतं. पुस्तकं आणि शोधनिबंध वाचून, सुटे भाग जमवून त्यांनी ते उभं केलं. पाहिलेलं नसताना बांधणं म्हणजे काय, हे वल्हं हातात न घेता होडी वल्हवायला शिकण्यासारखं आहे. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकन मशीन आलं आणि टिफ्रॅकचं काम संपत आलं.

पुढचा मानाचा टप्पा पुण्यातला. अमेरिकेकडून सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. भटकरांनी एक मोठं डोकं बनवण्याऐवजी अनेक छोटी डोकी एकत्र जुंपली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना एका पहिलवानापेक्षा अख्ख्या वाडीचे हात कामाला येतात, तसं.

कॉम्प्युटरवर मराठी कधी आली? आमच्या जुन्या फाइलींत चौकोन का दिसतात?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सुरुवातीला मराठी म्हणजे फक्त फाँट. कॉम्प्युटरच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरंच असायची, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. तो फाँट दुसऱ्या मशीनवर नसला की मुखवटा गळून पडायचा आणि कचरा दिसायचा. एकदा आमच्या महिला बचत गटाचा अर्ज मी रात्री बसून टाइप केला, फ्लॉपीवर घेतला, एसटीने तालुक्याला नेला. तिथल्या कचेरीत फाइल उघडली तर एकही शब्द वाचता येईना. त्या बायका दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. तो दिवस मी विसरलेली नाही.

यावर उपाय दोन टप्प्यांनी आला. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. जगातल्या कुठल्याही फोनवर २३२५ म्हणजे ‘क’च. ० आणि १ मध्ये लिहिला तर १००१०००१०१०१. एक गंमत करून पाहा: ‘क्ष’ लिहा आणि खोडायचं बटण एकदाच दाबा. बहुतेक ठिकाणी ‘क्’ उरतो. कारण ‘क्ष’ आत तीन क्रमांकांत साठवलेला असतो: क, हलन्त आणि ष. शाळेत शिकवलेली जोडाक्षराची फोड मशीनच्या पोटात तशीच आहे.

जुन्या फाइली फेकू नका. फाँटचं नाव कळलं तर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मी अशा बऱ्याच आणल्या आहेत.

कीबोर्डवर अक्षरं क्रमाने का नाहीत?

ही मांडणी टाइपरायटरची, १८७० च्या दशकातली, शोल्स यांची. सवय झाली आणि टिकली. मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिका: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. बाराखडी येत असेल तर आठवड्यात बोटं बसतात.

‘सेव्ह’च्या खुणेवर ते चौकोनी काय असतं?

फ्लॉपी. साडेतीन इंची, १.४४ मेगाबाइटची. तुमच्या ६४ जीबीच्या फोनमधला मजकूर ठेवायला ४४ हजारांहून अधिक फ्लॉप्या लागतील. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबरात आतल्या काळ्या चकतीवर बुरशी धरायची, पांढरे ठिपके, लोणच्यावर येतात तसे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचो आम्ही.

पावसाळ्यात मशीन सुरूच होत नाही, नुसतं बीप बीप करतं. काय करू?

हा इतिहासाचा प्रश्न नाही, पण सगळ्यात जास्त हाच येतो. ट्यूबच्या काळात मशीनला गार, कोरड्या हवेची खोली लागायची. आता आपण तेच मशीन खाऱ्या दमट हवेत ठेवतो. बहुतेक वेळा दोष रॅमचा, म्हणजे मशीनच्या कामापुरत्या मेमरीच्या पट्टीचा, असतो. वायर काढा, पाच मिनिटं थांबा, कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या मुख्य पाटीवर, उभी लांब पट्टी दिसेल. तिच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की ती वर येते. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर मंद काळसर थर चढलेला दिसेल. शाळेचं पांढरं खोडरबर घ्या आणि दात एकाच दिशेने हलके घासा. चमक आली की फुंकर न मारता मऊ ब्रशने भुगा झाडा. फुंकरीत ओलावा असतो. पट्टी परत बसवताना दोन्ही खिट्ट्यांचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. दहातली सात मशीन माझ्याकडे एवढ्यानेच सुरू झाली आहेत.

आणि वळवाच्या पावसात आकाश गडगडायला लागलं की नेटची वायर आधी काढा. माझे दोन मोडेम मे महिन्यात जळले आहेत.

इंटरनेट आपल्याकडे कधीपासून?

भारतात सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्याच्या आधी टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली होती आणि १९९१ मध्ये ती जगाला खुली केली. गावात पहिल्यांदा नेट लावलं तेव्हा फोनच्या वायरीतून शिट्टीसारखा आवाज येई आणि त्या वेळात कोणाचा फोन लागत नसे. मुंबईतल्या चाकरमान्यांचे फोन रविवारी सकाळी येत, म्हणून रविवारी सकाळी नेट बंद.

यंत्र आलं की नोकऱ्या जातात ना?

काही जातात. हाताने आकडेमोड करणाऱ्यांचा हुद्दा गेला. आपल्याकडे विमा आणि बँकांतल्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला होता आणि त्यांची भीती पोकळ नव्हती. टाइपरायटर दुरुस्त करणारे हात रिकामे झाले, मी पाहिले आहेत. त्या माणसांकडे दुर्लक्ष करून नुसतं प्रगतीबद्दल बोलणं मला पटत नाही. त्याच वेळी आज आमच्या वाडीतली एक मुलगी घरी बसून पुण्याच्या एका दुकानाचे हिशेब लिहिते, आणि आंब्याच्या दिवसांत बागायतदार पेटीचा दर फोनवर पाहून मगच गाडी भरतात.

आता एआय सगळंच करणार, मग मुलांनी शिकायचं काय?

एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, हे नाव १९५६ च्या डार्टमथच्या बैठकीसाठी जॉन मॅकार्थी यांनी योजलं. कल्पना ट्युरिंगच्याही डोक्यात होती. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला हरवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घराघरांत बोलणं सुरू झालं. मी मुलांना त्याला भरतीची वेळ विचारायला लावते आणि मग पाऊणकीने पडताळायला लावते. कधी जुळते, कधी ते ठामपणे चुकीची वेळ सांगतं. ठोकताळा तोंडपाठ असलेल्या मुलाला चूक लगेच दिसते. म्हणून पाढे शिकवणं मी सोडलेलं नाही.

घरात जुना, बंद कॉम्प्युटर पडून आहे. भंगारात देऊ का?

आधी वर्गात आणा. आम्ही तो मुलांसमोर उघडतो. मदरबोर्डवरची चिप, रॅमची पट्टी, हार्ड डिस्कची आरशासारखी चकती, सगळं हातात घेऊन पाहता येतं. वर लिहिलेला इतिहास त्या एका डब्यात बसलेला असतो. आमचं पाहून झालं की उरलेलं ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे जातं. तांब्यासाठी वायरी जाळू नका, तो धूर वाईट. आणि जुना मॉनिटर खाडीत टाकू नका, त्या काचेत शिसं असतं आणि खाडीतल्या तिसऱ्या, कालवं आपणच खातो.

आणताना पाऊस असेल तर प्लास्टिकात गुंडाळा. आधीच उघडला असेल तर स्क्रू एका वाटीत घालून सोबत आणा, मागाहून तेच सापडत नाहीत.